पितळेची पट्टी

“हात काढ,” आण्णा म्हणाले. “दाबू नगंस. तिची ती बसंल.”

मी हात काढला. रायफल दस्त्यावर उभी होती, नळी वर. आण्णांनी ती दोन्ही तळव्यांत नुसती धरली होती, पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या पोराला धरतात तशी. मग त्यांनी रबरी हातोडीनं खालून एक हलकी टिचकी दिली. आतून बारीक ‘टक’ असा आवाज आला.

“ऐकलंस? आता बसली. आता स्क्रू. पुढचा जरा, मागचा जरा. एकाच अंगाला गच्च आवळलास तर तिरकी बसती आणि मग जन्मभर तिरकीच मारती.”

ही गोष्ट दोन हजार चार सालची, फेब्रुवारीतली. आण्णा म्हणजे ज्ञानदेव लाड. लष्कराच्या वर्कशॉपात चोवीस वर्षं बंदुका दुरुस्त करून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आणि नंतर कोल्हापुरात आमच्या रायफल क्लबच्या शस्त्रखोलीत येऊन बसलेले. मी शशिकांत शिरगावे, आय.टी.आय. झालेला फिटर, त्यांच्या हाताखाली तिसरं वर्ष. मायक्रोमीटर वाचता येतो म्हणून स्वतःला फार शहाणा समजणारा.

लोकांना वाटतं, रायफल म्हणजे नळी आणि घोडा. नेमबाजीच्या रायफलीत निम्मं काम बसवणीचं असतं. नळी आणि तिच्यामागचा पोलादी भाग, ज्याला आम्ही अ‍ॅक्शन म्हणतो, तो अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यात बसवायचा. सांगाड्याला आम्ही चासी म्हणतो, ट्रकची असते तशीच. चासीत कोरलेली खाच, खाचेत अ‍ॅक्शन आणि खालून दोन स्क्रू, एवढाच मामला. पण ती बसवण केसभर हलली तर पन्नास मीटरवर गोळी दहाचं घर सोडून नवात जाते, आणि आमच्या खेळात नऊ म्हणजे घरी बसायची तयारी.

आण्णा हे सगळं अंगठ्यानं करायचे. अ‍ॅक्शन आणि चासी यांच्या सांध्यावर अंगठा ठेवून दुसऱ्या हातानं स्क्रू फिरवायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, डावाही फारसा कामाचा राहिला नव्हता, त्यामुळे उघडे ठेवूनही फरक पडला नसता. मला हे काही पटायचं नाही. मी पुण्याहून एक पाणसळ मागवली होती. गवंड्याची असते तसली नव्हे, कारखान्यात यंत्रं बसवायला वापरतात ती, हातभर लांब, जड, बुडबुडा एका रेघेनं सरकला तरी दाखवणारी. आण्णांनी ती हातात घेऊन वजन बघितलं होतं आणि म्हणाले होते, “झकास हाय. पण ही टेबलाचं सांगती. मानसाचं न्हाई सांगत.”

म्हाताऱ्याचं बोलणं, म्हणून मी सोडून दिलं.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला शाहीन आली. शाहीन मुजावर, मिरजेची, एकोणीस वर्षांची. एस.टी.नं आली होती, रायफलची लांब पेटी मांडीवर आडवी घेऊन. दुसऱ्या दिवशी राज्याच्या संघाची शेवटची निवड चाचणी होती. तीन जणी घेणार होते. दोघींची नावं जवळजवळ नक्की होती, तिसरी जागा शाहीन आणि नाशिकच्या एका मुलीत अडकली होती. संघात नाव आलं की रेल्वेत खेळाडूंच्या जागेवर तिची नोकरीही होणार होती, तसं रेल्वेच्या प्रशिक्षकांनी तिला सांगून ठेवलं होतं. पडून मारायच्या प्रकारात, म्हणजे जमिनीवर पालथं पडून साठ गोळ्या, तिच्याइतकं शांत कुणी आमच्या रेंजवर मी पाहिलं नव्हतं.

“आण्णा, एस.टी.नं हाडं खिळखिळी केली,” ती म्हणाली. “माझी पण आणि हिची पण.”

“तुझी तू बघ. हिचं मी बघतो. शशी, जरा चहा सांगून ये.”

हे नेहमीचं होतं. दुसऱ्या कुणाचीही रायफल उघडताना आण्णा मला शेजारी बसवायचे, पण शाहीनची उघडायची वेळ आली की मला काहीतरी काम निघायचं. चहा, नाहीतर चिंध्या, नाहीतर तेल. मी चहा सांगून आलो तेव्हा रायफल परत बंद होऊन रॅकवर लागली होती आणि शाहीन हसत होती.

“झालं?” मी विचारलं.

“झालं की,” आण्णा म्हणाले. “आता उद्यापर्यंत हात लावायचा न्हाई कुणी. तू बी न्हाईस पोरी. दमलीयास. मावशीकडं जा, जेव आणि झोप.”

दुपारी आण्णा डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेले. मी एकटाच राहिलो.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. आठवड्यापूर्वी क्लबचे सेक्रेटरी इंगवले साहेब मला जिन्यात थांबवून म्हणाले होते, “शिरगावे, आण्णांना आता दिसत नाही म्हणतात. कामात काही चुका आढळतात का? तू असतोस शेजारी.” मी म्हणालो, “बघतो साहेब.” नाही म्हणायला हवं होतं. कारण मला आजवर एकही चूक आढळली नव्हती. पण मी ‘बघतो’ म्हणालो आणि खरोखरच बघायला लागलो. खोटं कशाला बोलू, मला त्यांची खुर्ची हवी होती.

शाहीनची रायफल मी रॅकवरून काढली आणि शिकंज्यात धरली. आधी चासीवर पाणसळ ठेवून चासी अगदी सपाट केली. मग तीच पाणसळ अ‍ॅक्शनवर आडवी ठेवली. बुडबुडा दोन रेघा उजवीकडं गेला. मी पाणसळ उलटी फिरवून ठेवली, पुसून ठेवली, तिसऱ्यांदा ठेवली. दोनच रेघा. चासी सरळ आणि आतली रायफल तिरकी.

मला आनंद झाला. एवढ्या वर्षांनी लपवून काय करू, आनंदच झाला.

स्क्रू सोडवून मी अ‍ॅक्शन उचलली. खाचेत एका बाजूला पितळेची एक पातळ पट्टी होती. नखाएवढी रुंद, दोन नखं लांब. कडा हातानं घासलेल्या. मी ती चिमट्यानं उचलून उजेडात धरली. तेव्हा तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, कारण आपोआप पडलेल्या कचऱ्याच्या कडा कुणी घासत नाही. पण मला जे बघायचं होतं तेच मी बघितलं. म्हाताऱ्याला दिसलं नाही, मधे काहीतरी अडकलं आणि त्यावरच त्यानं स्क्रू आवळले. पट्टी मी शर्टाच्या खिशात टाकली. मग आण्णांनी शिकवल्याप्रमाणेच रायफल उभी केली, टिचकी दिली, पुढचा जरा, मागचा जरा. पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध उभा राहिला.

शाहीनला मी सांगितलं नाही, आण्णांनाही नाही. मनात हिशेब असा होता की उद्या पोरगी झकास मारेल, तिचं नाव लागेल आणि मग इंगवले साहेबांसमोर मी ती पट्टी हळूच टेबलावर ठेवीन.

चारच्या सुमाराला आण्णा परत आले, डोळ्यात औषध घातलेलं, रुमालानं पाणी टिपत.

“काय केलंस दुपारभर?”

“काही नाही. झाडलोट केली.”

“बरं केलंस,” ते म्हणाले आणि रॅकजवळ जाऊन हातानं चाचपत एकेक रायफल मोजली. सगळ्या जागेवर होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला चाचणी सुरू झाली. शाहीन अकरा नंबरच्या जागेवर होती. मी मागं दुर्बिणीला डोळा लावून बसलो, आण्णा शेजारी खुर्चीवर. त्यांना पन्नास मीटरवरचं लक्ष्य काय, समोरची लाकडी पाटीही नीट दिसत नसावी. ते शाहीनकडंच बघत होते.

सरावाच्या गोळ्यांतच ती सारखी माशी फिरवायला लागली. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचं नेम धरायचं कडं, त्यात रायफल सरळ आहे का ते दाखवणारा बारीक बुडबुडा असतो. मग मोजणीच्या गोळ्या सुरू झाल्या. दहा, दहा, नऊ. दहा, नऊ, नऊ. पहिल्या दहांत पंचाण्णव. ती कधी सत्त्याण्णवच्या खाली गेलेली मला आठवत नव्हती.

“किती?” आण्णांनी विचारलं.

“पंचाण्णव.”

थोड्या वेळानं ते म्हणाले, “मान बघ तिची. मान का मोडून घेतीया?”

तिनं रायफल खाली ठेवली, मान चोळली, परत उचलली. दुसऱ्या दहांत शहाण्णव. तिसऱ्यात सत्त्याण्णव, तेव्हा मला जरा हायसं वाटलं. चौथ्यात चौऱ्याण्णव. तिचा उजवा कोपर थरथरत होता, ते मला दुर्बिणीशिवायही दिसत होतं. खिशातली पट्टी एकाएकी जाणवायला लागली. तरी मी स्वतःची समजूत काढत होतो की पोरगी घाबरलीय, मोठी चाचणी आहे, होतं असं.

शेवटी तीन गुणांनी तिची जागा गेली. नाशिकची मुलगी संघात आली.

शाहीन रायफल घेऊन शस्त्रखोलीत आली. रडली नव्हती. रायफल टेबलावर ठेवून म्हणाली, “आण्णा, ही माझी नाही. हिला काहीतरी झालंय. आज सकाळपासून मी हिच्याशी कुस्ती खेळत होते.”

मागोमाग इंगवले साहेबही आले आणि दारातच उभे राहिले. “काय आहे ते उघडून बघा आण्णा. आत्ता, आमच्यासमोर.”

आण्णांनी स्क्रू सोडवले. अ‍ॅक्शन उचलून बाजूला ठेवली आणि उजवा अंगठा खाचेत फिरवला. एकदा इकडून तिकडं, मग परत. एका ठिकाणी तो थांबला. मी टेबलाच्या दुसऱ्या अंगाला उभा होतो. पट्टी माझ्या खिशात होती, माझ्या छातीला टेकलेली. त्यांनी मान वर केली नाही, माझ्याकडं बघितलंही नाही.

“पट्टी ऱ्हायली,” ते म्हणाले.

“कसली पट्टी?” इंगवले साहेबांनी विचारलं.

“बसवनीची. एक बारीक पट्टी असती साहेब, ती घालायची ऱ्हायली. चूक माझी हाय.”

शाहीन त्यांच्याकडं बघतच राहिली. “विसरलात आण्णा? काल मी इथंच उभी होते. तुम्ही म्हणालात, झालं.”

“मला वाटलं घातली. न्हाई घातली. डोळं गेलं, आता ध्यान बी गेलं.”

“दोन वर्षं एकदाही विसरला नाहीत. आणि आजच?”

इंगवले साहेब घसा खाकरून म्हणाले, “आण्णा, आपण यावर बसून बोलू,” आणि निघून गेले. शाहीननं रायफल जशी सुटी होती तशीच पेटीत भरली. दरवेळी जाताना ती आण्णांच्या पाया पडायची. त्या दिवशी पडली नाही. पेटी उचलून सरळ बाहेर गेली, आणि तिच्या पावलांचा आवाज जिन्यावर थांबेपर्यंत आण्णा तसेच उभे राहिले.

त्या सगळ्या वेळात एक शब्द बोलायला मला किती वेळ लागला असता? ‘माझ्याकडं आहे.’ एवढंच तर म्हणायचं होतं. तोंड उघडलं नाही.

आण्णा खुर्चीत बसले. हत्यारांचा कप्पा उघडून त्यांनी एकेक हत्यार फडक्यानं पुसायला सुरुवात केली.

“शशी, दार लावून घे.”

मी दार लावलं.

“तिच्या उजव्या खांद्याचं हाड ल्हानपनी मोडल्यालं. सायकलीवरनं पडली. जोडलं, पर वाकडं जोडलं. उभी ऱ्हायली तर बोटभर खाली असतोय तो खांदा. कुनाला सांगू नका म्हनाली व्हती. डाक्टरी कागदावर आलं तर रेल्वेवाले घ्यायचे न्हाईत म्हनून भीती. नेमबाजाचं अंग आपन बोलायचं नसतं, म्हनून तुलाबी बोललो न्हाई.” ते हळूहळू पुसत होते. “चासी तिच्या खांद्यात तिरकी बसती. बसनारच. मग आतली रायफल तेवढीच उलट्या अंगाला फिरवायची. म्हंजे ती पालथी पडली की नळी आपसूक सरळ. तिला काय करायला नगं. दोन म्हैने लागलं मला ती जाडी सापडायला. आज माशीतला बुडबुडा मधी आनायला पोरगी साठ गोळ्या हात पिळत व्हती.”

त्यांनी पुढचं हत्यार उचललं.

“तिनं पयल्यांदा शंभरातलं शंभर मारलं, त्या वक्ताचं शेवटचं रिकामं काडतूस तिनं मला दिल्यालं. तेच चिरून, ठोकून, घासून केली ती पट्टी. जपून ठेव. टाकू नगंस.”

‘जपून ठेव’ म्हणाले. मी खाली बसलो. मग मला रडू आलं आणि मी बरंच काही बोललो, इंगवले साहेबांचं, पाणसळीचं, खुर्चीचं. आण्णांनी ऐकून घेतलं.

“मला कसं कळलं म्हनून इचारनार आसशील,” ते म्हणाले. “स्क्रू मी आवळल्याला न्हवता. मी मागचा जरा हलका ठेवतो. तू दोन्ही सारखं आवळतोस. सोडवतानाच कळलं.”

“मग सांगितलं का नाहीत? आत्ता, सगळ्यांसमोर?”

“मला आता जायाचंच हाय. डोळं संपलं. तुला अजून तीस वर्सं ह्याच खोलीत काढायचीत. ह्या कामात हाताचा भरवसा एकदा गेला, की कुनी रायफल देत न्हाई.” त्यांनी कप्पा बंद केला आणि किल्ली माझ्यासमोर ठेवली. “पर तिला तू सांग. मी सांगनार न्हाई. तुझ्याच तोंडानं सांग.”

“सांगतो आण्णा.”

“कवा?”

“या आठवड्यात.”

आण्णा गावी गेले, वाळव्याकडं. मला खुर्ची मिळाली. त्या आठवड्यात मी मिरजेला गेलो नाही. पुढच्या आठवड्यात स्टँडवर जाऊन मिरजेची गाडी बघितली, गाडी भरलेली होती, तेवढंच निमित्त पुरलं. मग कळलं की रेल्वेची जागा भरली गेली आणि शाहीननं बी.ए.ला नाव घातलं. आता सांगून तिला काय मिळणार, असं म्हणायला मी मोकळा झालो. वर्षातून एकदा आण्णांकडं जायचो. ते दरवेळी सगळं विचारायचे, रेंजचं, नव्या रायफलींचं. शाहीनला सांगितलंस का, हे मात्र एकदाच विचारलं, पहिल्या वर्षी. माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता, तरी त्यांनी परत विचारलं नाही.

आण्णा वारले तेव्हा मी त्यांच्या गावी गेलो होतो. त्यांच्या मुलीनं, सुमनताईंनी, विचारलं, “मिरजेची कुणी शाहीन आहे ना? आण्णा शेवटी शेवटी फार नाव काढायचे. मी फोन केला होता तिला.” मी म्हटलं, कामात असेल. पट्टी तेव्हाही माझ्या खिशात होती. राखेत टाकावी असं क्षणभर मनात आलं, पण ती माझी नव्हती.

शाहीन आली ती त्यानंतर पाच वर्षांनी, म्हणजे त्या चाचणीला चौदा वर्षं होऊन गेल्यावर. मिरजेच्या एका कॉलेजात शिकवत होती आणि तिथल्या मुलींना नेमबाजीही शिकवत होती. एका विद्यार्थिनीची रायफल घेऊन आली होती. केसांत थोडं पांढरं दिसत होतं. उजवा खांदा तसाच, बोटभर खाली. इतकी वर्षं मला तो कसा दिसला नव्हता कोण जाणे.

“शशीदादा, हिची बसवण बघायचीय. गोळ्या पसरतायत.”

“ठेव. बघतो.”

तिनं खोलीभर नजर फिरवली. “काही बदललं नाही इथं. मी मुलींना सांगते, रायफल द्यायची तर शिरगावेंकडं द्या. हात बघायचा त्यांचा. आणि मुख्य म्हणजे ते विसरत नाहीत.”

कप्प्याची किल्ली माझ्या हातातच होती. मी कप्पा उघडला. मागच्या कोपऱ्यातली काड्यापेटी काढली, त्यातली पट्टी काढून तिच्यासमोर टेबलावर ठेवली. चौदा वर्षांत पितळ काळवंडलं होतं, पण तिला ओळखायला वेळ लागला नाही. तिनं ती उचलली आणि कडेवरून बोट फिरवलं.

“ही कुठं मिळाली?”

“हरवलीच नव्हती. आण्णांनी घातली होती. त्या दिवशी दुपारी मी काढली. मला वाटलं त्यांची चूक आहे.”

“आणि ते म्हणाले की विसरलो.”

“माझ्यासाठी म्हणाले. मला म्हणाले होते, तिला तू सांग.”

“कधी म्हणाले होते?”

“त्याच दिवशी.”

ती पट्टी तळव्यावर उलटीपालटी करत राहिली. खाली रेंजवर कुणीतरी सराव करत होतं, एकेक गोळी सुटत होती. मला वाटलं होतं ती रागावेल, ओरडेल, रेल्वेच्या नोकरीचं काढेल. त्याची मी चौदा वर्षं तयारी केली होती.

“सुमनताईंचा फोन आला होता मला,” ती म्हणाली. “म्हणाल्या, आण्णा दोन दिवस काढतील का नाही, सांगता येत नाही, येऊन जा, तुझं नाव घेतायत. मी म्हणाले, मला परीक्षेचं काम आहे. काम नव्हतं मला.”

मी काहीतरी बोलायला गेलो. तिनं हातानं थांबवलं.

पट्टी तिनं रुमालात बांधली आणि पर्समध्ये ठेवली. मग टेबलावरची पेटी बंद केली, दोन्ही कड्या नीट लावल्या आणि पट्टा खांद्यावर घेतला. तो घसरला, तिनं पुन्हा वर ओढला.

“राहू दे की रायफल,” मी म्हणालो. “संध्याकाळपर्यंत करून देतो.”

“नको,” ती म्हणाली, आणि पेटी घेऊन जिना उतरून गेली.